भरती, ओहोटी आणि आंघोळीचा नंबर

आमच्या घराण्यात समुद्राची टंचाई नाही. गिरगावच्या मोठ्या काकूने चर्नी रोडचा पूल ओलांडला की चौपाटी. दादरची आत्या रोज संध्याकाळी शिवाजी पार्काला फेऱ्या मारते. तिथून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. पण हाक मारण्याइतकी त्या दोघांची ओळख नाही, त्यामुळे ती कट्ट्यावर बसते ती समुद्राकडे पाठ करून. लालबागचे धाकटे काका-काकू अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजाबरोबर गिरगाव चौपाटीला पोचतात. तेव्हा समुद्र बघितला असं ते म्हणतात. प्रत्यक्षात पुढच्या माणसाचं डोकं बघितलेलं असतं. आणि वरळीच्या चुलतभावाने तर 'सी फेसिंग' म्हणून चौरस फुटामागे जादा पैसे मोजलेत. त्याच्या हॉलच्या खिडकीला आता कायम जाड पडदा असतो, कारण उन्हाने सोफ्याचा रंग उडतो.

अशा या कुटुंबाने समुद्र बघायला अलिबागजवळच्या नागावला बंगला भाड्याने घ्यायचं ठरवलं, तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. फुकटचा समुद्र तो काय बघायचा?

तारीख ठरवणं हे सहलीतलं खरं काम, बाकीचं आपोआप होतं. व्हॉट्सॲपवर नवा ग्रुप निघाला, त्याला नाव काय द्यायचं यावर रुसवेफुगवे झाले, आणि मग मोठ्या काकांनी भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवलं. 1973 पासून ते निघतंय आणि तेव्हापासून आमच्या घरातलं एकही माणूस त्याच्या परवानगीवाचून मुंबईबाहेर पडलेलं नाही. एका रविवारी संकष्टी निघाली. 'अलिबागला जाऊन वरीचे तांदूळच खायचे असतील तर लालबागला काय वाईट?' असं धाकटे काका म्हणाले आणि तो रविवार गेला. दुसऱ्या रविवारी एकादशी. एका शनिवारी अमावास्या, आणि अमावास्येला परक्या घरात मुक्काम नको, असं आत्याचं मत. आत्याचं मत म्हणजे ठराव. नातवाची प्रिलिम, सुनेचं ऑडिट. जून-जुलैत मासेमारीच बंद, तेव्हा मुळात जायचं कशाला? पुढे श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र. मार्गशीर्षातले गुरुवार काही शनिवार-रविवारी येत नाहीत, पण मोठी काकू खबरदारी म्हणून अख्खा महिना पाळते. अखेर होळीच्या आधीची, फाल्गुन शुद्ध द्वितीया-तृतीया हाती लागली. तरी शनिवार होताच, आणि आमच्यातले चौघं शनिवार करतात. तेव्हा मासे फक्त रविवारी, पण मग ते सकाळच्या चहापासून, असं एकमताने ठरलं.

आमच्या आधीच्या पिढीला हा ताप नव्हता, कारण ती पिढी सहलीला जातच नसे. मे महिना लागला की ट्रंका बांधायच्या आणि गावाला जायचं. गाव नसलेल्यांना किंवा गावाशी भांडण असलेल्यांना डॉक्टर हवापालट लिहून देत. देवळालीला, लोणावळ्याला निरनिराळ्या ज्ञातींची सॅनिटोरियमं होती. हवापालटात एकच अडचण. त्याला आधी आजारी पडावं लागे. आमचे आजोबा एकदा प्लुरसीच्या कृपेने देवळालीला जाऊन आले आणि ती हवा त्यांना जन्मभर पुरली, निदान बोलायला. धडधाकट असताना, गाव सोडून भलत्याच गावी, वर पैसे देऊन राहायचं, एवढं धाडस गिरगाव-लालबागात यायला बराच काळ जावा लागला.

मांडव्याला जायचं तर पूर्वी गेटवेहून लाँच. मार्च 2020 पासून माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुटते. खाली गाड्या, वर माणसं, आणि तासाभरात मांडवा. ही बोट आमच्यासारख्यांचा विचार करूनच काढली असावी. आम्ही सामान नेत नाही, बिऱ्हाड हलवतो. दोन कुकर, कारण भाड्याच्या घरातल्या कुकरवर काकूचा विश्वास नाही. पोळपाट-लाटणं. विळी. लालबागच्या बाजारात डोळ्यांदेखत कुटून घेतलेला मालवणी मसाला. चिवडा गल्लीतला चिवडा, तो संपल्यास दुसरा चिवडा. आणि धाकट्या काकूच्या मांडीवर थर्माकोलचा डबा, त्यात बर्फात घातलेली सुरमई आणि पापलेटं.

'अलिबागला मासे घेऊन?' मी विचारलं.

'तिथे मुंबईचा माणूस बघितला की भाव चढवतात,' काकू म्हणाली. 'आणि आमची कोळीण ठरलेली आहे.'

म्हणजे ती सुरमई पहाटे भाऊच्या धक्क्याला उतरली, तिथून टोपलीतून लालबागला गेली, काकूने घासाघीस करून तिला घरी नेलं, आणि मग गाडीत बसून ती पुन्हा भाऊच्या धक्क्यावर येऊन समुद्र ओलांडायला लागली. वाटेत भरतीचं पाणी खिडकीवर उडालं तेव्हा तिला काय वाटलं असेल, याचा विचार मी मुद्दाम केला नाही. दुपारी ती ताटात यायची होती. नाही, शनिवार होता, दुसऱ्या दिवशी.

बोट सुटली तशी आत्याने लाइफजॅकेट कुठे आहेत ते आधी बघून घेतलं. 1947 च्या जुलैमध्ये याच धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, शेकडो माणसं गेली. आमच्या आजीने ते इतक्यांदा सांगितलंय की त्यानंतर जन्मलेल्या आत्यालाही ते पाहिल्यासारखं आठवतं. ती गप्प झाली. मोठ्या काकांना शांतता सोसत नाही, त्यामुळे त्यांची माहिती सुरू झाली.

काकांचं म्हणणं असं की अलिबागला पहिलं 'वीकेंड होम' एका चुंबकसुईने केलं. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकत्व मोजत असत. मुंबईत घोड्याच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडतील म्हणून 1904 साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला थाटली, तीही लोखंड वगैरे टाळून बांधलेल्या इमारतीत. विजेच्या ट्राम 1907 मध्ये धावायला लागल्या. 1964 मध्ये बंदही पडल्या. सुई काही परत आली नाही. नट, उद्योगपती, क्रिकेटवाले हे सगळे नंतर आले. मुंबईच्या कटकटीला कंटाळून पलीकडे जायचा मान तिचा. काकांच्या तोंडून हे ऐकताना वाटतं की त्यांनीच तिला मांडव्यापर्यंत सोडलं असावं.

मग 'अलिबाग से आया है क्या?' हा विनोद झाला. तो एकदा होऊन भागत नाही. आमच्या बोटीत तीन पिढ्यांनी तो आपापला स्वतंत्रपणे केला आणि प्रत्येक पिढीला तो आपल्यालाच सुचल्याचा आनंद झाला. 2019 साली एका अलिबागकराने त्या वाक्यावर बंदी घाला म्हणून हायकोर्टात दाद मागितली होती आणि कोर्टाने ती फेटाळली. न्यायमूर्तींना आमच्याबरोबर एक फेरी घडवली असती तर निकाल फिरला असता.

फोटोत समुद्राला खेटून उभा असलेला बंगला प्रत्यक्षात नारळी-पोफळीच्या वाडीत होता. समुद्र दहा मिनिटांवर. गिरगावची काकू जागच्या जागी थांबली. 'एवढंच अंतर आमच्या घरापासून आहे,' ती म्हणाली. तिला कुणी उत्तर दिलं नाही, कारण ॲडव्हान्स भरलेला होता.

इथून थोडं वर, किहीमला, सलीम अलींनी 1930 साली सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं: नर एकटाच खपून खोपा अर्धा विणतो आणि मग माद्या येऊन तो तपासतात. पसंत पडला तर राहतात, नाहीतर पुढच्या खोप्याकडे जातात. चुलतभाऊ पंधरा दिवस खपून, रात्री जागून, बंगले धुंडाळत होता. आता तो दारात किल्ली घेऊन उभा राहिला आणि आत्या, दोन्ही काकू, वहिनी आणि आमची ही, अशा पाच जणी आत शिरल्या. गाद्या दाबून पाहिल्या. नळ सोडले. पंखे पाचावर फिरवले. चादरी उलटून पाहिल्या आणि ताबडतोब घरून आणलेल्या चादरी घातल्या. स्वयंपाकघरातून काकूचा आवाज आला, 'वन्सं, ह्यांच्याकडे झारा नाहीये!' चुलतभावाचा चेहरा पडला. स्विमिंग पूल होता, एसी होता, झारा मात्र त्याच्या यादीतच नव्हता. पण सलीम अलींच्या पक्षिणींना पुढच्या खोप्यावर जाता येत होतं, आणि इथे चोवीस हजार परत मिळणार नव्हते.

खोल्या पाच होत्या, प्रत्येकीला जोडून बाथरूम. कोण कुठे झोपणार याचा तक्ता सुनेने लॅपटॉपवर केला होता, रंग भरून. रात्री अकराला तो तक्ता रद्द झाला. लहान पोरांना एकत्र झोपायचं होतं म्हणून हॉलमध्ये सतरंज्या पडल्या. पोरांवर लक्ष ठेवायला आत्या तिथेच आडवी झाली. आत्या बोलायला लागली म्हणून काकू आल्या, काकू हसायला लागल्या म्हणून काका बघायला आले, आणि एसी चालू असलेल्या पाच खोल्या रात्रभर गार होत राहिल्या.

धाकट्या काकूच्या वडिलांचं पहिलं घर म्हणजे लालबागला गावकऱ्यांची एक खोली. गिरणीत पाळ्या, तशा खोलीतही पाळ्या. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची उलगडायची, भिंतीला ट्रंकांची रांग आणि ट्रंकेएवढीच ज्याची त्याची मालमत्ता. आमची गिरगावची खोली त्यापुढे राजवाडा. तरी गॅलरीत झोपायला नंबर असायचा आणि मजल्याच्या टोकाला डबा घेऊन उभं राहायला वेगळा नंबर. त्या नंबरांना, त्या एका मोरीला, 'हळू बोला, शेजारी ऐकतील'ला कंटाळून आम्ही पांगलो. कुणी परळला आलं, कुणी डोंबिवलीला, कुणी वरळीच्या एकतिसाव्या मजल्यावर. स्वतंत्र दार, स्वतंत्र संडास, स्वतंत्र फ्रिज यासाठी प्रत्येकाने वीस-वीस वर्षं हप्ते फेडले. आणि हप्ते फिटताक्षणी सगळ्यांनी मिळून पहिली गोष्ट काय केली, तर एक स्वयंपाकघर आणि एकोणीस माणसं असलेलं घर भाड्याने घेतलं, दिवसाला चोवीस हजार देऊन. चाळीत याच सुखाचं भाडं महिन्याला काही रुपये होतं, आणि मालक तेही थकवू द्यायचा.

स्वयंपाकघराबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. एका ओट्यापाशी पाच गृहिणी म्हणजे पाच पक्षांचं आघाडी सरकार असतं. कार्यक्रम एकच, पण मिठाचं खातं कुणाकडे हे कुणालाच माहीत नसतं. शनिवारी आमटीत मीठ तिघींनी घातलं. रविवारी, आदल्या दिवसाच्या अनुभवामुळे, कुणीच घातलं नाही.

रविवारचा मुख्य कार्यक्रम होता कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये काम काढलेला, संभाजीराजांच्या काळात पुरा झालेला, आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराने गाजवलेला हा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात उभा आहे. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला येत नाही. त्यामुळे काकांनी शनिवारी रात्रीच सभा घेतली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशोब. तृतीया म्हणजे तीन, तिनाची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती, म्हणजे सकाळी आठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. साडेसहाला निघायचं, सातला किल्ल्यात, साडेनऊच्या आत परत. चुलतभावाने मोबाइलवर तपासलं. काकांचा आणि मोबाइलचा आकडा जवळपास जुळला. काकांनी मोबाइलकडे कौतुकाने पाहिलं.

हिशोबात चूक नव्हती. त्यात फक्त आंघोळी धरलेल्या नव्हत्या.

बाथरूमं पाच, पण पहिल्या खोलीतल्या नळाला 'फोर्स' आहे, अशी बातमी पहाटेच पसरली, आणि सगळे त्याच दाराशी टॉवेल खांद्यावर टाकून उभे राहिले. बाकीच्या चार बाथरूमांत शुकशुकाट. चाळीतून माणूस बाहेर येतो, नंबर लावल्याशिवाय पाणी अंगाला लागत नाही ही समजूत आतच राहते. दोन्ही काकांनी गरम पाण्याच्या दोन-दोन बादल्या घेतल्या. आत्याचं स्तोत्र आंघोळीबरोबर चालतं आणि ती त्यातली एकही ओळ गाळत नाही. सातला टाकी संपली. केअरटेकर मोटर लावायला गेला आणि वीज गेली. मग मागच्या विहिरीवर पोहरा सापडला; तो चालवता येणारा माणूस एकच, धाकटे काका, आणि त्यांना आपल्याला हे जमतं याचा इतका हर्ष झाला की ज्यांच्या आंघोळी झाल्या होत्या त्यांनाही त्यांनी पुन्हा घातल्या. मधल्या वेळात तव्यावर सुरमई चढली, कारण रविवार सुरू झाला होता. पुरुष 'आता दोन तुकड्या खाऊनच निघू' म्हणाले. बायका 'पुरुषांचं झालं की आम्ही बसतो' म्हणाल्या. कुणीही उशीर केला नाही; जो तो आपलं काम वेळच्या वेळी करत होता.

अलिबागच्या किनाऱ्यावर आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. किल्ला जागेवर होता. मधली वाट नव्हती. घोडागाडीवाल्यांनीही घोडे सोडले होते.

काका वाळूत उभे राहिले आणि त्यांनी किल्ला तिथूनच दाखवायला सुरुवात केली. आत गणपतीचं देऊळ आहे. भर खाऱ्या पाण्यात असूनही विहिरीला गोडं पाणी आहे. तटावर गाड्यांवर चढवलेल्या दोन तोफा आहेत, त्यांच्यावर 1849 साल आणि यॉर्कशरच्या कारखान्याचं नाव कोरलेलं आहे. 'ते काळं दिसतंय, तिथेच कुठेतरी,' काका म्हणाले. आम्ही एकोणीस जण कपाळाला हात लावून काळं बघत राहिलो. पोरांनी दिशा न विचारता सेल्फी काढले. त्यांत किल्ला कुणाच्याच मागे आला नाही.

तेवढ्यात कार्डिफहून पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. तोही गेल्या ऑगस्टमध्ये चार मराठी कुटुंबं गोळा करून वेल्समधल्या टेन्बीला समुद्रकाठचं घर घेऊन राहिला होता. तिथेही किनाऱ्यासमोर सेंट कॅथरीन नावाचं खडकाळ बेट आहे, त्यावर एकोणिसाव्या शतकातला किल्ला आहे, आणि तिथेही ओहोटीला चालत जाता येतं. त्यांच्या घरमालकाने टेबलावर फाइल ठेवली होती: चमचे किती, कचरा कुठल्या दिवशी कुठल्या डब्यात, घर सकाळी दहाला रिकामं, आणि शेवटच्या पानावर भरती-ओहोटीचं कोष्टक. 'आम्ही बरोब्बर वेळेत गेलो, बघितलं, वेळेत परत आलो,' पुतण्या म्हणाला. मग तो थांबला. वेळेत जाऊन वेळेत परत आलेल्या सहलीत याहून जास्त सांगण्यासारखं काही नसतं. 'मागे ओरडतंय कोण?' त्याने विचारलं. मागे धाकटे काका एका घोडागाडीवाल्याला पोहऱ्याची गोष्ट सांगत होते.

समुद्राबद्दल एवढंच सांगता येईल की तो होता. संध्याकाळी, निघायच्या आधी, पोरं पूलमधून बाहेर यायला तयार होईनात आणि मोठी माणसं वाटण्या करण्यात गुंतली. पांढऱ्या कांद्याचे दिवस होते. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तो वेणीसारख्या माळा गुंफून विकतात. आत्याने भाव पाडून पंधरा माळा घेतल्या आणि त्यानंतर गाडीत कुणाचे पाय कुठे जाणार हा प्रश्न उभा राहिला. चिवडा उरला होता. तो परत लालबागला निघाला.

हिशोब बोटीतच झाला, कारण भाऊचा धक्का आला की माणसं हातची जातात. सुनेने मोबाइलवर खर्च वाटायचं ॲप काढलं. माणशी वाटायचे की कुटुंबाशी, यावर तट पडले. डोंबिवलीकर पाच जण, ते म्हणाले कुटुंबाशी. वरळीकर दोघंच, त्यांना माणशी पटलं. दहा वर्षांखालचं पोर अर्धं धरायचं. पण त्याने सुरमईच्या चार तुकड्या खाल्ल्या असतील तर? मोठ्या काकूने मासे सोडून दिलेत, तेव्हा माशांतून तिचं नाव वजा करा. मग रस्सा घेतला होता तो कशात धरायचा? धाकट्या काकूने मासळीचे पैसे घेणार नाही म्हणून सांगितलं, आणि तेवढ्याच ठामपणे बर्फाचे ऐंशी रुपये मागितले. मोठ्या काकांनी ॲप बाजूला ठेवायला लावलं आणि तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने नव्याने मांडणी केली. उत्तर ॲपपेक्षा तेरा रुपयांनी वेगळं आलं. ते तेरा रुपये शोधत असताना मुंबईचे दिवे दिसायला लागले, पण वर कुणी बघितलं नाही.

आत्याने तिच्या वाट्याचे पैसे तिथल्या तिथे पाठवले. एक्कावन्न रुपये जास्त आले होते.

'हे कसले, आत्या?'

'पुढच्या वर्षीचा विसार,' ती म्हणाली. 'संकष्टी बघून घ्या मात्र.'

धाकट्या काकूने ते बर्फाच्या खात्यात जमा करून घेतले आणि उरलेले एकोणतीस कोण देणार ते विचारलं.